कटिंग स्पीड म्हणजे आरपीएम नव्हे

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या नोकरीविषयक पुरवणीत मशिनिस्टच्या लेखी परीक्षेसाठी नमुना प्रश्नोत्तरं आली आहेत. त्यात सातव्या प्रश्नाचं उत्तर 'कटिंग स्पीड म्हणजे मशीनचे आरपीएम' असं छापलंय. मी टूलरूममध्ये, म्हणजे कारखान्यातल्या साचे-हत्यारं बनवायच्या विभागात, ३१ वर्षं काढली, त्यातली शेवटची दहाएक वर्षं मुलाखती घेणाऱ्यांत बसलो. हेच उत्तर तिथं इतक्या तोंडून ऐकलंय, की आता ते छापून आलेलं पाहून गप्प बसवेना.

आरपीएम म्हणजे स्पिंडलचे, मशीनच्या फिरत्या दांड्याचे, मिनिटाला होणारे फेरे. कटिंग स्पीड म्हणजे टूलच्या धारेसमोरून मिनिटाला किती मीटर धातू सरकतो ते. फेरे तेवढेच ठेवा आणि जॉबचा, म्हणजे कापायच्या तुकड्याचा, व्यास दुप्पट करा, कटिंग स्पीडही दुप्पट होतो. आरपीएमचं सूत्र पोरांना पाठ असतं : हजार गुणिले कटिंग स्पीड, भागिले पाय (π) गुणिले मिलिमीटरमधला व्यास. कॅल्क्युलेटर नसेल तर हजाराला पायने आधीच भागून ठेवावं, ३१८ येतात, ३२० धरले तरी चालतात. सूत्राचा प्रश्नच नाही. आकडा आला की पुढं काय, तिथं गाडी अडते.

आम्ही निम्मी मुलाखत लेथपाशी, म्हणजे जॉब फिरवून कापायच्या मशीनपाशी, घ्यायचो. ५० मिलिमीटर व्यासाचा माइल्ड स्टीलचा बार, एचएसएस (हाय स्पीड स्टील) टूल, कटिंग स्पीड ३० मीटर, आरपीएम सांग. हुशार पोरं चटकन १९१ सांगायची. 'बरं, लाव मग,' म्हटलं की लिव्हरवर हात ठेवून हेडस्टॉकवरचा (स्पिंडलच्या पेटीवरचा) वेगांचा तक्ता वाचत उभी राहायची. त्या लेथवर १८० होते आणि त्याच्यावर थेट २८०. एकानं २८० लावले. कमी लावले तर मार्क जातील असं त्याला वाटलं असावं. २८० म्हणजे त्या बारवर ४४ मीटर. वेग वाढला की धार किती लवकर जाते हे सांगणारं टेलरचं टूल लाइफचं सूत्र त्याला तोंडपाठ होतं, पण ते इथं लागू होतं हे डोक्यात आलं नाही. एचएसएससाठी त्या सूत्रातला घातांक ०.१२५ धरला, तर ३० मीटरला तासभर टिकणारी धार ४४ मीटरला तीन मिनिटंही टिकत नाही. खालचा वेग घ्यायचा तो एवढ्यासाठी.

मग १८० वरच फेसिंग, म्हणजे बारचं तोंड सपाट, करायला सांगायचो. बाहेरून सुरुवात केली की कडेला छान फिनिश येतं. टूल मध्याकडे सरकेल तसा पृष्ठभाग खरबरीत होत जातो. नख फिरवलं तरी कळतं. असं का, विचारलं की बहुतेकांचं उत्तर 'टूल बोथट झालं'. एक मुलगी मात्र जॉबकडे बघत म्हणाली, 'सर, आत जाताना व्यास कमी होतोय, मग मीटर कुठून येणार?' बरोबर! १० मिलिमीटर व्यासापाशी कटिंग स्पीड साडेपाच-पावणेसहा मीटरवर आलेला असतो, केंद्रावर शून्य. इतक्या कमी वेगात माइल्ड स्टील टूलच्या टोकाला चिकटतं आणि पृष्ठभाग ओरबाडतं. सीएनसीवर (संगणकावर चालणाऱ्या मशीनवर) जी ९६ हा कोड देतात ते ह्यासाठीच, व्यास घटेल तसे कंट्रोल फेरे वाढवत नेतो. आणि फेरे भलतेच वाढू नयेत म्हणून फॅनुक पद्धतीच्या (त्या कंपनीच्या कंट्रोलच्या) लेथवर आधी जी ५० ह्या कोडनं मर्यादा घालतात. त्या मुलीला आम्ही पुढचं काही विचारलं नाही.

फीडबद्दल, म्हणजे टूल किंवा जॉब किती पुढे सरकतो त्याबद्दल, आपल्या पुरवणीत एकच ओळ आहे, तीही एककाशिवाय. लेथवर फीड दर फेऱ्याला मिलिमीटर असतो, मिलिंगच्या (फिरत्या कटरनं कापायच्या मशीनच्या) टेबलाचा मिनिटाला मिलिमीटर. मध्ये कटरचे दात येतात : आरपीएम गुणिले दात गुणिले दर दाताचा फीड. आणि ते दात मोजायला मी स्वतः एकदा विसरलोय. १० मिलिमीटरचा चार दातांचा एचएसएस एंड मिल (मिलिंगचा कटर), ८०० आरपीएम, दर दाताला ०.०५ मिलिमीटर, म्हणजे टेबल मिनिटाला १६० मिलिमीटरवर. काम मस्त चाललं होतं. स्लॉटसाठी (खाचेसाठी) दोन दातांचा कटर चढवला आणि टेबलाचा फीड तसाच राहू दिला. दर दाताला ०.१ पडू लागले. 'कट्' असा बारीकसा आवाज झाला. कटरचा तुकडा जॉबमध्ये आणि शँक (कटरचा दांडा) कोलेटमध्ये, त्याला धरणाऱ्या पकडीत! उस्ताद काही बोलले नाहीत. तुटलेला तुकडा माझ्या हातावर ठेवून त्यांनी फक्त 'दात किती?' एवढं विचारलं.

उलट बाजूही आहे. घाबरून फीड फारच कमी ठेवला तर टूल कापत नाही, घासतं. स्टेनलेसवर तर घासलेली जागा कडक होते आणि पुढच्या कटाला टूलच बोथट होतं. 'फीड कमी तितकं चांगलं' हे उत्तरही म्हणूनच अर्धवट.

पुढच्या अंकात दुरुस्ती छापावी ही विनंती. त्यात दहावा प्रश्नही घ्यावा. १०० मिलिमीटर व्यासाच्या जॉबला २० चं ड्रिल मारायचं आहे, कटिंग स्पीड २५ मीटर. आपण सूत्रात जॉबचा व्यास घातलाय. ड्रिलिंगमध्ये कापतं ते ड्रिल, तेव्हा व्यास त्याचाच घ्यायचा. छापलेलं उत्तर ८० आरपीएम आहे. हवं होतं ३९८.

आपला,
एक निवृत्त टूलरूम सुपरवायझर