किल्ल्यापलीकडचे त्राकाय

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवार पुरवणीत लिथुआनियातील त्राकाय या तलावाकाठच्या गावावरचा प्रवासलेख वाचला. छायाचित्रे देखणी आहेत. पण बेटावरचा किल्ला मध्ययुगापासून जसाच्या तसा उभा आहे, असा समज त्या लेखातून होतो आणि तो खरा नाही. शिवाय किल्ल्याखालच्या गावात कोण राहत आले, याबद्दल लेखात एक ओळही नाही. त्याचे मला जास्त वाईट वाटले, म्हणून हे पत्र.

गाल्वे तलावातल्या बेटावर किल्ला बांधायला घेतला तो चौदाव्या शतकात लिथुआनियाचा राज्यकर्ता केस्तुतिस याने. त्याचा मुलगा वीताउतास याने पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला तो पुरा केला. धोका होता ट्युटॉनिक सरदारांचा, म्हणजे जर्मन धर्मयोद्ध्यांच्या संघाचा. १४१० साली ग्रुनवाल्डच्या लढाईत पोलंड आणि लिथुआनियाच्या एकत्र फौजांनी त्यांचे कंबरडे मोडले आणि नव्या किल्ल्याचे लष्करी महत्त्वच ओसरले. मग तो राजनिवास झाला, पुढे तुरुंग झाला. वीताउतास १४३० मध्ये त्राकायलाच वारला. राज्याभिषेकाची सगळी तयारी झाली होती, पण मुकुट त्याच्यापर्यंत पोहोचलाच नाही. १६५५ च्या युद्धात मॉस्कोच्या झारच्या फौजांनी गावाची आणि किल्ल्याची धूळधाण केली. त्यानंतर बेटावर उरल्या त्या पडक्या भिंती.

आज आपण ज्याच्यासमोर उभे राहून फोटो काढतो, तो किल्ला बराचसा विसाव्या शतकातला आहे. डागडुजीचे प्रयत्न आधीही झाले, पण मुख्य पुनर्बांधणी १९५० च्या दशकात, म्हणजे सोव्हिएत अमलाखाली सुरू झाली. सरंजामी भूतकाळाचा उदोउदो कशाला, म्हणून १९६० मध्ये खुद्द सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांनी या कामावर टीका केली होती. तरीही काम पुढे गेले आणि १९६२ मध्ये तिथे संग्रहालय उघडले. परक्यांच्या सत्तेखाली असताना आपल्या जुन्या राजधानीचा किल्ला पुन्हा उभा करणे, ही लिथुआनियाच्या लोकांसाठी साधी गोष्ट नव्हती. मला तरी हे काम योग्यच वाटते. लेखात हे आले असते, तर किल्ल्याची शान तसूभरही कमी झाली नसती.

आता गावाविषयी. १३९७-९८ च्या सुमारास वीताउतासने क्रिमियातून कराईम कुटुंबे आणून इथे वसवली. किल्ल्याचा पहारा हे त्यांचे मुख्य काम. हे लोक हिब्रू बायबल मानतात, पण ताल्मूद हा ज्यू धर्मगुरूंचा भाष्यग्रंथ मानत नाहीत. त्यांची बोली मात्र तुर्की कुळातली. १४४१ मध्ये लिथुआनियाचा ग्रँड ड्यूक (तिथला सर्वोच्च शासक) काझिमिएर्झ याने त्यांना माग्देबुर्ग कायद्याप्रमाणे, म्हणजे जर्मन शहरांच्या स्वायत्ततेच्या नियमांप्रमाणे, स्वतःचा कारभार स्वतः पाहण्याची सनद दिली. सहाशे वर्षे होऊन गेली तरी त्यांचा रस्ता जागेवर आहे. लाकडी घरांची निमुळती बाजू रस्त्याकडे आणि तिच्यात तीन खिडक्या: एक देवासाठी, एक स्वतःसाठी, एक वीताउताससाठी, असे तिथे सांगतात. घरामागच्या जमिनीच्या पट्ट्यात ते काकड्या लावत, आणि त्राकायच्या काकड्यांचे नाव दूरवर होते. याच रस्त्यावर त्यांचे प्रार्थनास्थळ, केनेसा, आहे. किबिनाय हा त्यांचा खास पदार्थ. मटणाचा खिमा आणि कांदा भरलेली अर्धचंद्राकृती भट्टीतली पुरी, काठाला थेट आपल्या करंजीची मुरड. पहिला घास जपून घ्यावा, आतला रस चटका देतो. आज संपूर्ण लिथुआनियात कराईम उरले आहेत ते जेमतेम दोनशेच्या आसपास, आणि त्राकायची कराईम बोली बोलणारे तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. किल्ला पुन्हा बांधता आला, बोलीचे तसे होत नाही.

याच गावात ज्यू वस्तीही होती. नाझींनी कराईमांना वंशाने ज्यू मानले नाही, म्हणून ते वाचले. त्यांच्या ज्यू शेजाऱ्यांना ती सवलत नव्हती. ३० सप्टेंबर १९४१ रोजी त्राकाय आणि आसपासच्या गावांतल्या चौदाशेहून अधिक ज्यूंना जवळच्या वार्निकाय जंगलात गोळ्या घालण्यात आल्या. त्यांत सुमारे सहाशे मुले होती. सहलीच्या लेखात हे कशाला, असे कुणी म्हणेल. पण गावाचा इतिहास सांगायला घेतल्यावर राजेरजवाड्यांपाशी थांबायचे आणि या मुलांना वगळायचे, हे मला पटत नाही.

त्राकाय आजची राजधानी विल्नियसपासून जेमतेम २८ किलोमीटर आहे. बहुतेक सहली किल्ला आणि होडी उरकून दोन-तीन तासांत परततात. आपले जे वाचक जातील त्यांनी एखादा तास जास्त काढून कराईमांच्या रस्त्यावरून चालत जावे आणि त्यांच्या संस्कृतीचे छोटे संग्रहालयही पाहावे. पुरवणीत कराईमांवर एखादा स्वतंत्र लेख आपण छापावा, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, पुणे