रोप देण्याआधी मुळी दाखवणाऱ्या नानांना

नाना, रामराम.

तुमच्या रोपवाटिकेतून आणलेल्या टोमॅटोच्या रोपांची लागण उरकली, रोपांनी जीव धरला आणि नांगे, म्हणजे रोप मरून रिकाम्या पडलेल्या जागा, अगदी मोजके पडले. फोनवर आभार मानले असते तर "त्यात काय एवढं" म्हणून तुम्ही विषय बदलला असता. म्हणून चारचौघांत लिहितोय. दिंडोरी, निफाड, सिन्नरकडे अर्ध्या-एक एकरावर भाजीपाला करणाऱ्यांनी हे वाचावं, असंही वाटतं.

वीस गुंठ्यांच्या गिऱ्हाइकाला रोपवाटिकेत काय मान असतो, ते आम्हाला ठाऊक आहे. पाच फुटांवर बेड (गादीवाफा) आणि दीड फुटावर रोप धरलं तर वीस गुंठ्यांत सुमारे २,९०० रोपं बसतात. नांग्यांसाठी शंभरेक जास्त घेतली तरी ९८ कप्प्यांचे तीस-एकतीस ट्रे होतात. तीनशे ट्रेवाल्याची गाडी दारात लागली की तीस ट्रेवाल्यानं बाजूला थांबायचं आणि मागे राहिलेलं, कडेला वाढलेलं, मान लांबलेलं रोप उचलायचं, ही रीतच पडून गेली आहे. गेल्या हंगामात दुसऱ्या एका ठिकाणी नेमकं तेच पदरात पडलं. पाऊस लांबला, रानाला लागणीजोगा वाफसा येईना, रोपं ट्रेमध्येच चाळीस दिवसांची झाली. पैसे आधी घेतलेले, म्हणून तीच गळ्यात मारली. लावल्यावर ती जागची हलेनात, वीतभर उंचीवरच कळी दिसायला लागली. नंतर फोन उचलला नाही. बिल मागितलं तर वहीचा फाडलेला कागद. बियाण्याचा लॉट नंबर कुठेच नाही, मग तक्रार कशाच्या जोरावर करायची?

रोप जुनं झालं की काय होतं, हे तुम्ही सांगत बसला नाहीत, दाखवलंत. ते अजून डोळ्यांसमोर आहे. आम्ही मागितलंही नव्हतं. तुम्ही ट्रे खाली ठेवलात. एक रोप कोपऱ्यातलं, एक मधलं, एक पलीकडच्या कडेचं, अशी तीन रोपं काढलीत. बादलीतल्या पाण्यात हलक्या हातानं कोकोपीट, म्हणजे मुळीभोवतीचा नारळाच्या काथ्याचा भुसा, सोडवलंत आणि मुळ्या तळहातावर पसरल्यात. पांढऱ्याशुभ्र, बारीक केसाळ. मग आधीच्या लॉटमधलं रोप तसंच धुतलंत. तळाशी मुळीचा तपकिरी वेढा बसलेला. "वरून दोन्ही सारखीच दिसतात बघा. हे नेऊ नका," एवढंच बोललात आणि तो लॉट बाजूला केलात. पाऊस लांबला यात तुमचा काय दोष होता? तरी नुकसान तुम्ही सोसलंत.

इतरांच्या उपयोगासाठी त्या वेढ्याबद्दल लिहितो. ट्रेच्या कप्प्यात मूठभरसुद्धा कोकोपीट नसतं. २५ ते ३० दिवसांत मुळी ते भरून टाकते. त्यापुढे तिला वाट नसते, ती आतल्या आतच गोल फिरते. असं रोप लावलं की मुळी मातीत शिरायला वेळ घेते, शेंडा थांबतो आणि झाड वाढायच्या आधीच फुलावर येतं. मग त्यावर कितीही खतं ओता, फांदी सुटत नाही. वरचा हिरवेपणा बघून ठरवू नये, कारण १९:१९:१९ या विद्राव्य खताची फवारणी दिली की पिवळं रोपही हिरवं दिसतं. मुळी मात्र होती तशीच राहते. चार-पाच पानं, १२ ते १५ सेंटिमीटर उंची, काडी जाड, पेरं आखूड, आणि ओढल्यावर मुळ्या-कोकोपीटची गड्डी न फुटता अख्खी बाहेर येणारं रोप घ्यावं.

आणखी एक गोष्ट. बुकिंगला आलो तेव्हा पैशांच्या आधी तुम्ही विचारलंत, "रान कुठवर आलंय? शेणखत पडलं? मल्चिंगचा पेपर अंथरला का?" रान तयार व्हायला किती दिवस लागतील त्यावरून बी टाकायची तारीख धरलीत, आणि पावसाचा भरवसा नाही म्हणून आठवड्याच्या अंतरानं दोन लॉट टाकलेत. म्हणून ऐनवेळी नवं रोप हाताशी होतं. एवढं साधं गणित बाकीच्यांना का जमत नाही? जमतं, करायचं नसतं.

लागणीच्या वेळी तुम्ही सांगितलेलं तंतोतंत पाळलं. आदल्या दिवशी ठिबक चालवून बेड ओला केला. ट्रे नेण्याआधी चार-पाच दिवस तुम्ही पाणी कमी करून रोपं उन्हाला कणखर केली होतीत, तरी लागण दुपारी चारनंतरच केली. गड्डी ट्रायकोडर्मा या उपयोगी बुरशीच्या पाण्यात, लिटरला ५ ग्रॅम, बुडवून घेतली. कोकोपीट मातीपेक्षा लवकर सुकतं, म्हणून गड्डी उघडी न ठेवता वर बोटभर माती ओढली. बेडवर मात्र पाणी साचू दिलं नाही. ओल कोंडली की बुडाशी पाणथळ डाग पडतो, रोप तिथेच मोडतं आणि मर सगळ्या ओळीत पसरते. मल्चिंगचं भोक जरा मोठं पाडलं, नाहीतर उघडीप पडली की पेपर तापतो आणि टेकलेली काडी भाजते. कडेनं मक्याच्या दोन ओळी आहेत, पांढऱ्या माशीला अडवायला. तुमच्या शेडनेटला बारीक जाळी आणि दुहेरी दार आहे, पण या माशीतून पसरणाऱ्या पर्णगुच्छ रोगाचा विषाणू जाळीबाहेर पडल्यावरही गाठतो, हे तुम्ही बजावलंत ते बरं झालं. पिवळे चिकट सापळे लागणीच्या दिवशीच लावले.

पिंपळगाव बसवंतच्या बाजारात क्रेटचा भाव काय निघेल, ते कुणाच्याच हातात नाही. २०२३ च्या पावसाळ्यात सोन्याचा झालेला टोमॅटो त्याच वर्षी पुढे रस्त्यावर ओतावा लागला. तार, बांबू, सुतळी, मजुरी हे मात्र भाव पडला म्हणून कमी होत नाही. अशा धंद्यात पहिलीच पायरी खरी मिळाली तर माणूस पुढचं सोसतो. रोप विकणारा, औषध विकणारा, काटा धरणारा, यांच्या एका खऱ्या शब्दावर लहान शेतकऱ्याचं वर्ष उभं असतं. औषधाच्या दुकानात बाटली पुढे सरकवण्याआधी "पान आणलंय का, बघू" असं विचारणारी माणसं नाशकात अजून आहेत. त्यांचं नाव मोठं व्हावं.

बिलासोबत बियाण्याची रिकामी पिशवीही तुम्ही हातात दिलीत, लॉट नंबरासकट. ती जपून ठेवली आहे. तुमचे ट्रे धुऊन, सावलीत वाळवून ठेवलेत, बाजारच्या गाडीबरोबर पाठवतो. पोळ्यानंतर फ्लॉवरची रोपं लागतील. वीस गुंठ्यांचीच. रान नांगरून झालं की कळवतो, मगच बी टाका.

तुमचा ऋणी,
वीस गुंठेवाला