बँक वाचवताना तोटा कोणी सोसायचा?

महोदय,

अडचणीत आलेल्या बँकेला किंवा उद्योगाला आर्थिक मदत जाहीर झाली की संकट टळले असे आपण समजतो. मात्र बुडालेले पैसे त्यामुळे परत येत नाहीत. तो तोटा कोणी, किती आणि केव्हा सोसायचा, एवढेच अशा वेळी ठरते. आपल्याकडे ही वाटणी आधी ठरलेल्या नियमाने न होता प्रसंग पाहून होते, आणि ती अन्यायकारक ठरते, हे मुंबईतल्या दोन बँकांच्या उदाहरणांवरून दिसते.

येस बँकेवर 5 मार्च 2020 रोजी निर्बंध आले आणि खातेदारांना 50,000 रुपयांपर्यंतच रक्कम काढता येऊ लागली. स्टेट बँकेने येस बँकेचे भाग (शेअर) प्रत्येकी 10 रुपये दराने विकत घेऊन 6,050 कोटी रुपये घातले, काही खासगी बँकाही पुढे आल्या आणि 18 मार्चला निर्बंध उठले. ठेवीदारांचा एक रुपयाही बुडाला नाही. पुढे 2025 मध्ये स्टेट बँकेने या शेअरांपैकी काही प्रत्येकी 21 रुपये 50 पैसे दराने एका जपानी बँकेला विकले. म्हणजे वेळेवर आणि पुरेशा भांडवलानिशी केलेली मदत सार्वजनिक पैशाची नासाडीच असते, असे नाही. हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे.

पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेच्या, म्हणजेच पीएमसीच्या, ठेवीदारांची कहाणी मात्र वेगळी आहे. बहुतांश कर्ज एकाच बांधकाम समूहाकडे अडकल्याचे उघड झाल्यावर सप्टेंबर 2019 मध्ये या बँकेवर निर्बंध आले, तेव्हा काढता येणारी रक्कम सुरुवातीला केवळ 1,000 रुपये होती. बँकेचे युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीनीकरण व्हायला जानेवारी 2022 उजाडले. त्या योजनेत 5 लाखांपर्यंतच्या ठेवींना विम्याचे संरक्षण मिळाले. त्यावरील वैयक्तिक ठेवी टप्प्याटप्प्याने, मोठ्या ठेवींच्या बाबतीत तब्बल 10 वर्षांपर्यंत, परत करण्याचे ठरले. संस्थात्मक ठेवीदारांच्या विमाकक्षेबाहेरील 80 टक्के रकमेचे तर एक टक्का लाभांशाच्या, मुदत नसलेल्या प्राधान्य भागांत, म्हणजे परतफेडीची तारीख नसलेल्या शेअरभांडवलात, रूपांतर करण्यात आले. यात सहकारी संस्थाही आल्या. एखाद्या गृहनिर्माण संस्थेचा दुरुस्ती निधी हा तिच्या सभासदांनी महिन्याकाठी साठवलेला पैसा असतो, तो गुंतवणूकदाराचे जोखमीचे भांडवल कसा मानता येईल?

येस बँकेचा आकार मोठा होता, तिची पडझड संपूर्ण बँकव्यवस्थेला हादरवणारी ठरली असती, हा युक्तिवाद मला मान्य आहे. परंतु तेथेही क्रम उलटाच लागला. सामान्य समज असा, की आधी भागधारकांचे भांडवल संपावे आणि मग रोखेधारकांवर वेळ यावी. प्रत्यक्षात 8,415 कोटी रुपयांचे अतिरिक्त टियर-1 रोखे (बँक अडचणीत आल्यास ज्यांची रक्कम बुडू शकते असे, भांडवल उभारण्यासाठी काढलेले रोखे) शून्यावर आणले गेले आणि भागधारकांचे भाग, त्यांपैकी बहुतांश भागांच्या विक्रीवर तीन वर्षांचे बंधन घालून का होईना, शाबूत राहिले. जानेवारी 2023 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हा निर्णय रद्द ठरवला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. नियम आधीच सुस्पष्ट असते, तर अनेक सामान्य गुंतवणूकदारांवर न्यायालयाची पायरी चढण्याची वेळ आली नसती.

केंद्र सरकारने 2017 मध्ये या विषयावर वित्तीय निराकरण विधेयक आणले होते. संकटातील बँकेच्या ठेवीदारांचा पैसाच तोटा भरून काढण्यासाठी वापरण्याची त्यातील तरतूद लोकांना भयावह वाटली, आणि ती भीती रास्तच होती. विधेयक 2018 मध्ये मागे घेतले गेले. आक्षेपार्ह तरतूद वगळून नवा कायदा करण्याऐवजी विषयच बाजूला पडला, याचे वाईट वाटते. हा कायदा पुन्हा मांडला जावा, त्यात भागधारक, रोखेधारक आणि ठेवीदार यांनी तोटा सोसण्याचा क्रम लिहिलेला असावा आणि गृहनिर्माण संस्था व पतसंस्थांच्या ठेवींना वैयक्तिक ठेवींप्रमाणेच वागणूक मिळावी, यासाठी राज्यातील सर्वपक्षीय खासदारांनी संसदेत आग्रह धरावा, ही विनंती.

एक ठेवीदार, ठाणे