क्षमेचा हिशेब

प्रिय माधव,
सप्रेम नमस्कार.

भागीदाराने फसवलं ते एक, आणि वर जो तो येऊन 'माफ करून टाक, मन हलकं होईल' म्हणतो ते दुसरं. तुला या दुसऱ्याचाच जास्त वैताग आलेला दिसतो. क्षमा काय थर्मामीटरने मोजतात का, असं तू खोचकपणे विचारलंस. जवळपास तसंच!

शार्लट विटव्लिएट या मानसशास्त्रज्ञ बाईंनी २००१ मध्ये ७१ विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. ज्याने खरोखर दुखावलं त्याला आठवायचं. कधी डूख धरून, कधी क्षमा करतोय असं मनात आणून. भुवईच्या स्नायूवर इलेक्ट्रोड. डूख उगाळताना भुवई जास्त आखडली, त्वचेवरचा घाम वाढला, नाडी आणि रक्तदाब चढला. क्षमेच्या वेळी हा चढ कमी. पण ही प्रयोगशाळेतली थोड्या वेळची गोष्ट. तेवढ्यावर क्षमेला औषधाची गोळी म्हणून विकणारे मला पटत नाहीत.

रॉबर्ट एनराइट मात्र पटतात. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठातले हे मानसशास्त्रज्ञ १९८५ पासून याच विषयाच्या मागे लागले. त्यांच्या मते क्षमा म्हणजे गुन्हा खपवून घेणं नव्हे, विसरणं नव्हे आणि समेटही नव्हे. समेटाला दोघं लागतात, क्षमा एकट्याला करता येते, आणि ती करूनही न्याय मागता येतो. त्यांच्या पद्धतीत पहिला टप्पा असतो स्वतःचा राग नीट पाहण्याचा. तुला उपदेश करणारे नेमका तोच गाळतात. शिवाय जेम्स मॅकनल्टी या मानसशास्त्रज्ञांना नवविवाहितांच्या अभ्यासात आढळलं, की जोडीदार सहज माफ करणारा असेल तर समोरच्याची आक्रमकता तशीच चालू राहते; माफ न करणाऱ्यांच्या घरी ती कमी होत गेली.

हे द्रौपदीला आधीच ठाऊक होतं बघ. वनपर्वात ती युधिष्ठिराला प्रल्हाद आणि बलीचा संवाद ऐकवते: सतत तेज, म्हणजे कडकपणा, बरं नाही, तशी नित्य क्षमाही बरी नाही. नेहमी क्षमा करणाऱ्याची वाहनं, वस्त्रं, दागिने नोकरच परस्पर घेऊन जातात. पहिला अपराध पोटात घालावा, दुसरा लहान असला तरी शिक्षा करावी. युधिष्ठिर उत्तरादाखल क्षमेचं भरभरून स्तोत्र गातो, पण मला तरी द्रौपदीचंच म्हणणं वजनदार वाटतं.

ज्यू परंपरेत बाराव्या शतकातल्या मायमोनिडीझ या धर्मपंडितांनी तर व्यवहारच लिहून ठेवलाय. दुसऱ्याचे पैसे बुडवले असतील तर परत करणं भागच. पण तेवढ्याने सुटका नाही, त्याच्या दारात जाऊन क्षमा मागायची. तो नाही म्हणाला तर तीन मित्र घेऊन पुन्हा जायचं, असं तीनदा. म्हणजे पायपीट करायची ती फसवणाऱ्याने. तुझ्याकडे अजून कोणी आलेलंच नाही, आणि सगळे तुलाच घाई करतायत.

तेव्हा मनातला राग ओसरला तर ओसरू दे. वकिलाची नोटीस मात्र मागे घेऊ नकोस. पुढची तारीख कधी आहे ते कळव, मी येतो.

तुझा,
अनंत