पूर्वज पोस्टमन असेल तर हुद्द्याचा माग काढा

मा. संपादक,

जर्मनीत टपाल वाटणाऱ्या पूर्वजाचा शोध घेणारे बहुतेक जण सुरुवातीलाच त्याची सेवाफाईल मागतात आणि नकार आला की शोधच सोडून देतात. खालच्या श्रेणीतल्या नोकरांच्या फायली फार थोड्या टिकल्या आहेत. हा माणूस सापडतो तो त्याच्या मुलांच्या जन्मनोंदींत.

प्रशियात १ ऑक्टोबर १८७४ पासून आणि साऱ्या जर्मन साम्राज्यात १ जानेवारी १८७६ पासून जन्म, विवाह, मृत्यू सरकारी वहीत चढू लागले. जन्माच्या नोंदीत बापाचा हुद्दा असतो. सगळ्या भावंडांच्या नोंदी क्रमाने लावून पाहा. थोरल्याच्या वेळी ‘पोस्टिलिओन’ म्हणजे टपालगाडी हाकणारा, मधल्याच्या वेळी ‘लांडब्रीफट्रेगर’ म्हणजे खेडोपाडी टपाल पोचवणारा, धाकट्याच्या वेळी ‘पोस्टशाफनर’ म्हणजे त्याहून वरच्या श्रेणीचा टपाल नोकर, अशी बढती तिथे दिसू शकते. गाव बदलले असेल तर बदलीही कळते. समासातला मजकूर सोडू नका. पुढच्या लग्नाची किंवा मृत्यूची नोंद पुष्कळदा तिथेच असते. जन्माच्या वह्या ११०, विवाहाच्या ८० आणि मृत्यूच्या ३० वर्षांनी अभिलेखागारात जातात. त्याआधी नोंदणी कचेरीत नाते सिद्ध करावे लागते.

१८७४ च्या मागे चर्चच्या वह्या. प्रोटेस्टंट असेल तर ‘आर्खिओन’ हे सशुल्क संकेतस्थळ, कॅथलिक असेल तर मोफत ‘मात्रिकुला’.

तो कोणत्या टपाल खात्याचा, हे आधी ठरवा. १८६७ पर्यंत अनेक छोट्या राज्यांचे टपाल थुर्न उंड टाक्सिस घराण्याकडे होते. त्यांचे दप्तर रेगेन्सबुर्गला आहे. बव्हेरिया आणि व्युर्टेम्बर्ग यांची खाती १९२० पर्यंत वेगळी होती, त्यामुळे बव्हेरियातल्या म्युनिकच्या पोस्टमनसाठी बर्लिनला पत्र लिहिण्यात वेळ फुकट जातो.

बारा वर्षे फौजेत काढलेल्याला सरकारी नोकरीच्या हक्काचा दाखला मिळे आणि पुष्कळ पोस्टमन याच वाटेने आले. म्हणून विवाहाच्या नोंदीत फौजी हुद्दा दिसला तर दुसराच माणूस समजू नका. प्रशियन फौजेचे बरेचसे दप्तर एप्रिल १९४५ मध्ये पॉट्सडॅमला जळाले. बव्हेरियाचे मात्र म्युनिकमध्ये शाबूत आहे.

खरी अडचण लिपीची. कुरंट ही जर्मनांची मोडीच म्हणा. तिच्यात ‘e’ आणि ‘n’ ही अक्षरे जवळजवळ सारखीच दिसतात. ‘u’ ओळखायचा तो डोक्यावरच्या छोट्या कमानीवरून. आडनाव चुकीचे वाचले जाते ते इथेच. एकाला तीन-तीन नावे असत. हाक मारायचे नाव काही वह्यांत अधोरेखित केलेले असते.

मृत्यूचे साल सापडत नसेल तर शहराची छापील पत्तापुस्तके वर्षावर्षाने चाळा. पोस्टमन गेला की पुढच्या एखाद्या आवृत्तीत त्याच पत्त्यावर त्याची बायको ‘व्हिट्वे’, म्हणजे विधवा, म्हणून येते. पुस्तकातली माहिती बहुधा आदल्या वर्षी गोळा केलेली असते. म्हणून त्या आवृत्तीच्या आधीच्या दोन वर्षांची मृत्यूची वही मागवावी.

– जर्मन दप्तरांचा एक अभ्यासक