सईची बॅग आणि बाबांचा डोळा

रत्नागिरी

ती. आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, रागवायचं असेल तर आधीच रागवून घ्या. सईची ती वर बसून पळवायची चाकांची बॅग, चाक मोडलेली, मी इथेच दुरुस्त केली. तुम्ही चाकासाठी फणसाची फळी काढून ठेवलीत, ते आईने फोनवर सांगितलं. पण लाकूड पावसात फुगतं हे तुम्हीच शिकवलंत ना मला? आणि आई म्हणते, हल्ली गिरमिट फळीपेक्षा अंगठ्यातच जास्त शिरतं.

दुकानात सुटं चाक मिळत नाही, नवी बॅग घ्या म्हणाले. घेतलीही असती. पण सईला तीच हवी, आजोबांनी कुडाळ स्टेशनात दोरीने ओढलेली.

आता कसं केलं ते ऐका, म्हणजे तुमचा जीव भांड्यात पडेल. बॅगेच्या आत तिकोनात पाचचा आकडा आहे, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. त्याला साधा गोंद धरतच नाही, म्हणून सगळं नट-बोल्टवर बसवलं. चाकासाठी घेतला भाजी चिरायचा पांढरा बोर्ड. आई, तोच, ‘माझी विळी बरी’ म्हणत तू परत पाठवलेलास. पाणी पीत नाही की खाऱ्या हवेला भीत नाही. ड्रिलला वाटीसारखं गोल करवतीचं पातं लावलं की चकती सुटते आणि मधोमध भोकही आपोआप पडतं. ओल्या खोबऱ्याच्या किसासारखा भुसा ओटाभर झाला. दोन चकत्या जोडून एक चाक, वर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी. आस म्हणून सहा मिलिमीटरचा स्टेनलेस स्टीलचा बोल्ट, कारण साधं लोखंड इथे एका पावसात गंजतं. नट आत नायलॉनची कडी असलेला. आवळून पाव फेरी सैल सोडला तरी जागचा हलत नाही. बॅगेला तडा गेला होता, त्याच्या टोकाला बारीक भोक पाडलं म्हणजे तो पुढे सरकणार नाही, आणि दोन्ही बाजूंनी मोठे वायसर. तुटलेला खटकाही त्याच बोर्डातून कानशीने घासून काढला. पंचवीस किलो तांदूळ ठेवून घरभर ओढली, मगच सईला बसवलं.

माझ्या पांगुळगाड्याच्या चाकांना तुम्ही खोबरेल लावायचात, ते हिच्या बॅगेला लावू नका. ट्यूबचं रबर तेलाने खराब होतं.

‘प्लास्टिकात जीव नसता’ हे तुमचं म्हणणं माहीत आहे मला. पण बाबा, मोतीबिंदू काढल्यावर तुमच्या डोळ्यातही प्लास्टिकचंच भिंग बसणार आहे. लंडनच्या एका डॉक्टरांनी 1949 साली पहिल्यांदा बसवलं. युद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या छताचे प्लास्टिकचे तुकडे गेले होते आणि डोळ्यांनी ते निमूट सोसले, त्यावरून त्यांना सुचलं. आता ते फार सोपं झालंय, त्याच दिवशी घरी सोडतात. थंडी पडायची वाट बघायलाही लागत नाही, तो जुना समज. पणजीआजीच्या वेळी झालं तसं काही होणार नाही, मी दोनदा विचारून घेतलं.

म्हणून तारीख ठरवून टाकली. तुम्हाला न विचारता, हो. विचारलं असतं तर भातलावणी झाल्यावर बघू म्हणाला असतात, आणि मग गणपती. पाऊस लागायच्या आत झालेलं बरं. मांडवी एक्स्प्रेसची तिकिटं काढली आहेत, दोघांच्या जागा शेजारी शेजारी. स्टेशनवर आम्ही येतोच. खोली तळमजल्यावरची, संडास लागून आहे, कमोड आहे. उकडा तांदूळ आणून ठेवलाय, सकाळी पेज मिळेल. पंखा आवाज करत नाही. कोंबड्यांचं शेजारच्या काकींशी बोलले आहे.

आई, साखरेचा रिपोर्ट पिशवीत वरच ठेव. गाडीत बाबांना कटलेट खाऊ दे, गोड काही नको. ऑपरेशननंतर महिनाभर वाकणं नाही, ओझं नाही, भुशाजवळ फिरकणं नाही. डोळ्यात थेंब मी घालीन. गिरमिट आणि पटाशी कुलपात घालून किल्ली तुझ्याकडे ठेव. तेवढ्यावरून ते अबोला धरतील, पण कुडाळपर्यंतच. आणि लोणच्याची बरणी आणू नकोस, फुटते. आणायचीच असेल तर डबा आण, थोडं जास्त आण, जावईही मागत होते.

तुमची,
बाळी