लाउंज आहे की नाही, हे तिकिटावरच छापा

संपादक महोदय,

परदेशी जाण्याचा हंगाम आला की पर्यटन पुरवण्यांमध्ये विमानतळांवरच्या लाउंजची वर्णने येऊ लागतात. मऊ कोच, गरम नाश्ता, आंघोळीची सोय. दुबई, दोहा किंवा फ्रँकफर्टला विमान बदलून अमेरिकेला मुलांकडे जाणाऱ्या आईवडिलांना त्या दारातून आत घेतील की नाही, हे मात्र त्यात नसते. ते तिकीट काढतानाच ठरून गेलेले असते. ई-तिकिटावर सामानाचे वजन असते, भाड्याचा प्रकार असतो, परताव्याच्या अटी असतात. लाउंजची ओळ बहुधा नसतेच.

सर्वांत महागात पडणारा समज म्हणजे ‘बिझनेस क्लासचे तिकीट आहे ना, मग लाउंज मिळणारच’. एमिरेट्सने 2019 मध्ये बिझनेस क्लासमध्ये ‘स्पेशल’ नावाचे स्वस्त भाडे आणले. कतार एअरवेज आणि फिनएअर यांच्याकडे ‘बिझनेस लाइट’ आहे. विमानातले आसन तेच, जेवणही तेच, पण लाउंज वगळलेले. तुलना करणाऱ्या संकेतस्थळांवर सर्वांत वर दिसते ते नेमके हेच भाडे, कारण ते स्वस्त असते. वरच्या भाड्याशी फरक किती आणि त्यात काय काय मिळते, हे कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर भाड्यांच्या तक्त्यात पाहावे. लाउंजखेरीज फुकट आसननिवड आणि तारीख बदलण्याची सवलतही अनेकदा त्याच फरकात दडलेली असते.

दुसरा घोटाळा मिश्र तिकिटांचा. मुंबई ते दोहा बिझनेस आणि पुढे इकॉनॉमी असे तिकीट असेल, तर मधल्या थांब्यावर बहुतेक ठिकाणी पुढच्या विमानाचा वर्ग पाहतात, आलेल्या विमानाचा नव्हे. गुण वापरून किंवा बोली लावून वरचा वर्ग मिळवला असेल, तर त्यात लाउंज धरले आहे का, हे लेखी विचारून घ्यावे.

इकॉनॉमीच्या तिकिटावरही हक्काने आत जाता येते, पण त्यासाठी नियमित प्रवाशाचा वरचा दर्जा हवा. एअर इंडिया 2014 पासून स्टार अलायन्स या अनेक विमान कंपन्यांच्या गटात आहे. तिच्या नियमित प्रवाशांसाठीच्या महाराजा क्लबचा गोल्ड किंवा प्लॅटिनम सदस्य ‘स्टार गोल्ड’ ठरतो आणि त्याला त्या दिवशी स्टार अलायन्सच्याच विमानाने निघताना एका सोबत्यासह प्रवेश मिळतो. सोबत्यानेही त्याच गटाच्या विमानाने जायला हवे. नुसते बिझनेसचे तिकीट असलेल्याला मात्र सोबत कोणाला नेता येत नाही, हे नवराबायकोंपैकी एकालाच बिझनेसमध्ये बसवणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. फ्रँकफर्टला लुफ्तान्साच्या बिझनेस तिकिटावर ‘बिझनेस लाउंज’ मिळते, स्टार गोल्डला त्याच्या वरचे ‘सेनेटर लाउंज’.

हा दर्जा बोर्डिंग पासवर छापून यावा लागतो. दुसऱ्याच कंपनीचा सदस्यक्रमांक आरक्षणात घातला असेल, तर तो छापून येत नाही आणि स्वागतकक्षावर वाद होतो; म्हणून मूळ कार्ड जवळ असावे. कोडशेअरमध्येही असेच होते. तिकिटावर क्रमांक एका कंपनीचा आणि विमान दुसऱ्या कंपनीचे असले, की प्रत्यक्ष उड्डाण कोण करते ते पाहतात. इंडिगो कोणत्या परदेशी कंपनीशी भागीदारीत असली तरी ती स्टार अलायन्सची सदस्य नाही, त्यामुळे तिच्या विमानासाठी स्टार गोल्ड चालत नाही.

क्रेडिट कार्डावरचे लाउंज ही अगदी वेगळी वस्तू आहे. दुबईत कार्डाबरोबर मिळणारा प्रायॉरिटी पास (लाउंज-प्रवेशाचे सदस्यत्व) दाखवून एमिरेट्सच्या लाउंजमध्ये जाता येत नाही. मरहबा किंवा अहलानसारखे, कोणत्याही एका विमान कंपनीपुरते नसलेले सामाईक लाउंज शोधावे लागते. देशातल्या लाउंजसाठीची सवलत परदेशात चालेलच असे नाही. बँकांनी आता मागच्या तिमाहीत ठरावीक खर्च केल्याची अट घातली आहे. सोबत्याचे पैसे परकीय चलनात कापले जातात. अनेक सामाईक लाउंज सुटण्याआधीच्या तीन तासांतच आत घेतात आणि गर्दी झाली की कार्डवाल्यांना आधी थांबवतात. सहा तासांच्या थांब्यात त्यांचा भरवसा धरू नये.

आता वेळेचा हिशेब, कारण थांबा दोन तासांचा असेल तर लाउंज विसरलेलेच बरे. विमान टेकल्यापासून बाहेर पडणे, हातातल्या सामानाची तपासणी आणि चालणे यांत चाळीस मिनिटे सहज जातात. दुबई आणि दोहा इथे पुढच्या विमानासाठीसुद्धा ही तपासणी होते. सुटण्याच्या एक तास आधी लाउंज सोडायचे धरले, तर दोन तासांतून हाती उरतात वीस मिनिटे. साडेतीन तासांचा थांबा असेल तर एक तास पन्नास मिनिटे मिळतात, आणि तेवढ्यात आंघोळ आणि जेवण दोन्ही नीट होते. एमिरेट्सचे गेट सुटण्याच्या 20 मिनिटे आधी बंद होते. पासवर ठळक छापलेली वेळ सुटण्याची नसून बोर्डिंगची असू शकते, हेही बघून घ्यावे.

उतरल्यावर आधी फलकावर पुढचे गेट पाहावे, मग लाउंज शोधावे. दुबईच्या टर्मिनल तीनला ए, बी आणि सी असे तीन विभाग आहेत. बी आणि सी चालत जोडलेले आहेत, ए मात्र रेल्वेने गाठावा लागतो. विमान ज्या विभागातून सुटणार तिथल्याच लाउंजमध्ये बसावे. फ्रँकफर्टला अडचण वेगळ्या जातीची आहे. मुंबईहून येऊन शिकागोला जाणारा प्रवासी शेंगेनबाहेरच्या (युरोपातल्या सामाईक व्हिसाच्या देशांबाहेरच्या प्रवाशांच्या) भागातच असतो. पासपोर्ट तपासणीपलीकडच्या शेंगेन भागातले लाउंज व्हिसा नसताना गाठताच येत नाही, म्हणून शोधताना ‘बी’ किंवा ‘झेड’ अशी आपल्या गेटची अक्षरे जुळवावीत. पुढचा बोर्डिंग पास मुंबईलाच मिळाला नसेल तर पहिली फेरी ट्रान्सफर डेस्कची. पासशिवाय लाउंजचा स्वागतकक्ष दार उघडत नाही. दोन तिकिटे वेगवेगळी काढली असतील तर सामान उचलून देशात शिरावे लागते. तो प्रवास इथे मोजत नाही.

आत शिरल्यावर पहिले काम शॉवरसाठी नाव नोंदवणे. आपल्याकडची माणसे आधी पोळीभाजीसारखे काही दिसते का ते बघायला बुफेकडे वळतात आणि तासाभराने रांगेत उभी राहतात. रांगेचे कारण साधे आहे. आखाती कंपन्या विमाने लाटांनी आणतात आणि लाटांनी पाठवतात, म्हणजे अनेक शहरांची माणसे एकाच वेळी येऊन एकाच वेळी निघतील अशी आखणी करतात. मुंबईहून पहाटे निघालेली विमाने तिथल्या सकाळी पोचतात, अमेरिका आणि युरोपची विमाने त्यानंतर दोन-तीन तासांत सुटतात. या मधल्या वेळात शॉवर भरलेले असतात. बोर्डिंग पास ठेवून घेऊन पाळी आली की बोलावतात. टॉवेल आणि साबण तिथे असतो. कपडे, कंगवा आणि गोळ्या हातातल्या पिशवीत वरच ठेवाव्यात, कारण चेक-इन केलेली बॅग मधे मिळत नाही.

खाण्याबाबत शाकाहाऱ्यांनी फक्त पाटीवर विसंबू नये. भाज्यांचे सूप कोंबडीच्या रश्शात केलेले असू शकते, जेलीत जिलेटिन असते, चीजमध्ये प्राण्यांपासून काढलेले रेनेट असू शकते आणि केक तर अंड्याचाच. विचारले की आतून कोणीतरी येऊन सांगते. आखातात हुमूस, फलाफल, फूल मेदामेस हे कडधान्यांचे पोटभरीचे पदार्थ मिळतात. युरोपात सकाळी पाव, फळे आणि दही यांवर भागवावे लागते. मधुमेह असलेल्यांनी इन्शुलिन किंवा गोळ्यांचे वेळापत्रक घड्याळाच्या फरकासह आधीच डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. लाउंजमध्ये खायला सतत काहीतरी असते म्हणून जेवणाच्या वेळा सरकतात. निघताना सफरचंद किंवा केळे पिशवीत टाकू नये. अमेरिकेत उतरल्यावर ते जाहीर करावे लागते, विसरले तर दंड शेकडो डॉलरचा होतो.

पाण्याचेही तसेच. विमानात मिळालेली बाटली दुबई-दोह्याच्या तपासणीत जाते, तपासणीनंतर लाउंजमध्ये भरलेली चालते. अमेरिकेच्या विमानाला मात्र गेटपाशी आणखी तपासणी असू शकते. सिंगापूरच्या चांगी विमानतळावर टर्मिनल एक ते तीनमध्ये तपासणी गेटलाच होते, म्हणून लाउंजमध्ये भरलेली बाटली तिथे रिकामी करावी लागते. रिकामी बाटली न्यावी आणि गेटच्या आत पुन्हा भरावी.

चार्जरची टोके आणि घड्याळ, या दोन गोष्टी कोणी सांगत नाही. दुबई, दोहा, सिंगापूर आणि लंडन इथे चौकोनी तीन टोकांची ब्रिटिश खाच असते, आपला गोल तीन टोकांचा प्लग बसत नाही. फ्रँकफर्टला आपला बारीक दोन टोकांचा चालतो. एक अडॅप्टर असला की भागते. घड्याळाचे दुखणे अधिक गंभीर. लाउंजमध्ये बहुधा उद्घोषणा होत नाहीत, आणि रोमिंग बंद असलेला फोन भारतीय वेळच दाखवत राहू शकतो. दुबई आपल्या दीड तास मागे, दोहा अडीच तास मागे, त्यामुळे तिथे फार तर लवकर गेटवर जाऊन बसाल. सिंगापूर अडीच तास पुढे आहे. तिथे भारतीय वेळेवर लावलेला गजर वाजेल तेव्हा विमान कधीच गेलेले असेल. गजर लावण्याआधी भिंतीवरच्या फलकाची वेळ पाहावी.

व्हीलचेअर घेणाऱ्या ज्येष्ठांची सर्वाधिक आबाळ इथेच होते. पाय धड असूनही भाषेच्या आणि अंतराच्या धास्तीने अनेकजण ती मागतात, त्यात गैर काही नाही. सहायक मात्र सगळ्यांना एका ठरलेल्या प्रतीक्षाकक्षात बसवून गटाने गेटवर नेतात. लाउंजचा हक्क त्यांच्या यादीत दिसत नाही. उतरताच बोर्डिंग पास दाखवून लाउंजला सोडायला सांगावे आणि न्यायला केव्हा येणार ते कागदावर लिहून घ्यावे. वेळ सांगताना गेट बंद होण्याच्या एक तास आधीची सांगावी. स्वागतकक्षावरच्या व्यक्तीलाही तीच वेळ सांगून ठेवावी, कारण फोन लावून सहायकाला बोलावणे तिला सोपे जाते. विमान उशिरा असेल किंवा चुकले असेल, तर बाहेरच्या लांब रांगेपेक्षा लाउंजमधल्या सेवाकक्षावर नवीन तिकीट लवकर मिळते.

म्हणून तिकीट काढून देणाऱ्या एजंटांना आणि प्रवास कंपन्यांना विनंती आहे की मराठी प्रवाशाला दिलेल्या कागदावर प्रत्येक थांब्यापुढे एक ओळ लिहावी: ‘दोहा, थांबा 3 तास 40 मिनिटे, लाउंज: नाही (बिझनेस लाइट), वरच्या भाड्यात आहे, फरक इतके रुपये.’ पुरवण्यांत लाउंजची छायाचित्रे छापताना त्याखाली कोणत्या भाड्यावर प्रवेश मिळतो हे एका वाक्यात छापावे, अशी आपल्यालाही विनंती.

– विमान-तिकीट आरक्षणाच्या व्यवसायातील एक वाचक, ठाणे